स्लॅबच्या गावातली आर्किटेक्ट

आमच्याकडं सोयरीक ठरताना मुलीकडचे घर बघायला येतात. उंबरा ओलांडला की पाव्हणा आधी मान वर करतो. पोरगा काय शिकला, कुठं कामाला आहे, हे सगळं नंतर. वर कौलं दिसली तर पाव्हण्याचा चहा अर्धा राहतो. वर स्लॅब दिसला तर तो पाय पसरून बसतो आणि सुपारी मागतो. भिवपुरीपासून खालापुरापर्यंत कुठल्याही गावात जाऊन बघा, हीच तऱ्हा.

आणि तो स्लॅब टाकणारा मी, दत्ता गवंडी. तीस वर्षांत दोनशेच्या वर स्लॅब टाकले. स्लॅब पडतो त्या दिवशी घरमालक नारळ फोडतो, सगळ्या माणसांना मटणाचं जेवण घालतो, आणि पहिल्या पंगतीत पहिलं पान गवंड्याचं. माणूस रागीट म्हणून मी पंचक्रोशीत ओळखला जातो, ते खोटं नाही. भिंत ओळंब्यात नसली तर मी थापी फेकून मारली आहे. एकदा घरमालकालाच मारली होती, पण त्याची चूक होती. बाकी लिहिताना मी आहे-नाही लिहितो, बोलताना हाय-नाय बोलतो, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

तर ही गोष्ट हर्षलाची. माझ्या शेजारच्या बुधाजीची पोरगी. बुधाजी भिवपुरीला पॉवरहाऊसवर कामाला होता. तो रिटायर झाला तेव्हा त्यानं जुनं मातीचं घर पाडलं आणि माझ्याकडून स्लॅबचं बांधून घेतलं. मागचा गोठा तेवढा राहिला, कुडाचा. म्हणजे बांबूच्या कामट्यांचा तट्टा विणायचा, त्याला दोन्ही बाजूंनी चिखल-शेण लिंपायचं, झाली भिंत. पूर्वी सगळं गावच तसलं होतं. हर्षला तेव्हा मुंबईत आर्किटेक्टचं शिकून एका मोठ्या ऑफिसात लागली होती. काचेच्या इमारती काढायची. गावात तिला आर्किटेक्ट कुणी म्हणत नव्हतं, इंजिनेरबाई म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे ते पुढं येईल.

एका मे महिन्यात ती रजेवर आली. भर दुपारी घरात बघते तर पंखा पाचावर गरगरतोय, टीव्ही चालू, आणि माणूस एक नाही. तिची आई येसूबाई शेजारच्या दोघींना घेऊन गोठ्यात बसून तांदूळ निवडत होती. बाजूला गाय रवंथ करत होती.

"आये, नवं घर सोडून इथं काय करतेस?"

"तिथं भाजतंय गं," येसूबाई म्हणाली. "ते घर पाव्हण्यांसाठी हाय."

पोरगी कर्जतला गेली आणि थर्मामीटर घेऊन आली. संध्याकाळी माझ्या दारात हजर. "दत्ताकाका, तुमच्या स्लॅबाखाली दुपारी तीनला एक्केचाळीस. गोठ्यात तेहेतीस."

मी म्हटलं, "मग गाईला जाऊन सांग, अभिनंदन."

ती हसली नाही. तीन महिन्यांत मुंबईची नोकरी सोडून परत आली, आणि म्हणाली, आता मातीचीच घरं बांधणार. येसूबाई तिच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. तिचं तरी काय चुकलं? जन्म गेला त्या बाईचा सारवण्यात आणि लिंपण्यात. माझ्याजवळ रडली होती. म्हणाली, "भावजी, शेणामातीतनं बाहेर यायला मी हिला शिकवली. शिकून पुन्हा तिथंच आली." मीही हर्षलाला सोडलं नाही. चार माणसांत ओरडलो, की कर्जतचा पाऊस बघितलायस का, तुझी भिंत श्रावणापर्यंत ओढ्यात गेलेली असेल. तिनं तिथंच काडीनं मातीवर चित्र काढून दाखवलं. खाली काळ्या दगडाचं जोतं गुडघाभर उंच, वर छपराची वळचण हातभर पुढं. "भिंतीला पाऊस लागलाच नाही तर ती जाईल कुठं, काका?" मी पायानं ते चित्र पुसलं आणि तणतणत घरी गेलो.

पहिलं काम तिला मिळालं खालापूरच्या बाजूला. एका डॉक्टरचं. मुंबईचा माणूस, पण कर्जतला त्याचं हॉस्पिटल होतं, आणि शनिवार-रविवारी राहायला त्याला मातीचं घर हवं होतं. गवंडी म्हणून हर्षलानं मलाच बोलावलं. मी गेलो. काम ते काम. शिवाय ही पोरगी कशी तोंडावर पडते ते मला जवळून बघायचं होतं, हेही खरंच.

छपराला बांबू हवा होता. ठाकूरवाडीच्या वरच्या पाड्यावरचा धाकलू बांबूचं बघायचा. त्याला हर्षलानं भादव्यात सांगितलं, तोडून दे. डॉक्टरला दिवाळीला वास्तुशांत करायची होती. धाकलूनं मान हलवली.

"आता नाय. दिवाळी होऊ दे, अवस येऊ दे, मग तोड. आता बांबूत गोड पाणी हाय. भुंगा खाईल."

"धाकलूदादा, मी औषध लावते ना," हर्षला म्हणाली. शिकलेल्या माणसाला अवस-पुनव ऐकली की हसू येतं, तसं तिलाही आलं. बांबू तोडला, तोही पुनवेच्या आदल्या दिवशी. औषध घाईत वरवर ब्रशनं लावलं.

आता कबूल करतो. मलाही ठाऊक होतं. माझ्या बापानं मला लहानपणी हेच सांगितलं होतं. मी एक शब्द बोललो नाही. जन्मभर सगळ्यांवर ओरडणारा माणूस, तेव्हा बरा गप्प बसलो!

होळीपर्यंत भुगा पडायला लागला. बांबूला भुंगा लागला की पिठासारखा भुगा खाली येतो. डॉक्टरच्या गादीवर भुगा, चहात भुगा, बायकोच्या केसांत भुगा. बातमी गावात यायला एक दिवस लागला आणि हर्षलाचं नाव पडलं, भुगाबाई. चहाच्या टपरीवर पोरं तिला बघून खांदे झटकायची.

मला वाटलं, झालं, गेली ही परत मुंबईला. ती गेली डॉक्टरकडं. म्हणाली, "चूक माझी आहे. सांगणाऱ्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पदरचं घालून नवं छप्पर करून देते, पण दिवाळीनंतरच." आणि ते सगळं वर्ष तिनं भुगाबाई म्हणवून घेत काढलं. देवदिवाळीच्या आधीच्या अवसेला ती धाकलूबरोबर डोंगरावर गेली, स्वतः कोयता चालवला. हाताला फोड आले. तोडलेले बांबू तिनं तीन आठवडे उल्हास नदीच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवले, दगड टाकून. ते काढायला मी गेलो होतो. पाण्यात गुडघाभर उभे असताना मला राहवलं नाही. म्हटलं, "हर्षू, मागल्या वर्षी मला ठाऊक होतं. मी मुद्दाम गप्प बसलो."

मी मान खाली घातली. एवढा जीव लाजेनं कधी गेला नव्हता.

"काका, पुढच्या वेळी ओरडा," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्यासाठीच प्रसिद्ध आहात."

त्या दिवसापासून मी तिच्या कामावर जायला लागलो ते आजतागायत. स्लॅब सोडले नव्हते, पण तिचं काम आधी. डॉक्टरच्या नव्या छपराला आज आठ वर्षं झाली, भुग्याचा कण पडलेला नाही. पुढं नेरळला दोन घरं झाली, खालापूरच्या बाजूला सात, मग पेण, मग पाली. ती जागेवर आली की आधी तासभर नुसती बसायची. वारा कुठनं येतो, दुपारची सावली कुठं पडते, पाणी कुठनं वाहतं, हे बघायची, आणि मग कागद काढायची. माती त्याच जागेतली, दगड आसपासचा, लाकूड जुन्या पाडलेल्या घराचं. पुस्तकांत तिच्या घरांचे फोटो आले. दिल्लीला बोलावून तिला मानचिन्ह दिलं. येसूबाईनं ते टीव्हीवर ठेवलं आणि त्यावर रुमाल घातला, धूळ बसू नये म्हणून. पण घर? घर स्लॅबचंच बरं, म्हणायची.

आणि तिथंच पोरीचं दुखत होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाताखाता म्हणाली, "काका, चौदा घरं बांधली. सगळी शनिवार-रविवारची. सोमवारी तिथं फक्त माळी असतो. आपल्या गावातला एक माणूस, रोज राहणारा, रोज चूल पेटवणारा, एक जरी म्हणाला ना की मला मातीचं बांधून दे, तर मी म्हणेन मला काम येतं. तोवर मी नुसती पाव्हण्यांसाठी घरं बांधतेय. तुमच्यासारखीच."

झोंबलं मला. पण पिकतं तिथं विकत नाही, त्याला मी काय करणार? माझ्या स्वतःच्या घरावर तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या सळ्या उभ्या होत्या. माझा अक्षय लग्नाचा झाला होता, खोपोलीला कंपनीत कामाला. त्याच्या लग्नाआधी वरचा स्लॅब टाकायचा हे ठरलेलं. दत्ता गवंड्याच्या घराला दोन स्लॅब नसतील तर कुणाच्या असतील?

स्थळ आलं खालापूर तालुक्यातलं. मुलगी श्रद्धा, कर्जतला हॉस्पिटलात नर्स. मागच्या वर्षी एप्रिलात, रविवारी दुपारी बाराला, तिचे आईबाप तिला घेऊनच घर बघायला आले. हल्लीची पद्धत. बापानं आत येऊन मान वर केली, स्लॅब बघितला, बाहेर जाऊन वरच्या सळ्या मोजल्या, आणि पाय पसरून बसला. मी मनात म्हटलं, जमलं. सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते, पण हसून बोलणं चाललं होतं.

मध्येच मुलीनं विचारलं, "दुपारी या खोलीत कोण झोपतं?"

असला प्रश्न बापजन्मात कुणी विचारला नव्हता. मी बायकोकडं बघितलं. माझी बायको विमल, तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठा दोष. म्हणाली, "हितं दुपारी कोण झोपतंय बाय? आमी पडवीत, नायतर येसूबाईच्या गोठ्यात."

"आणि आमची खोली वर? त्याच्यावर पण स्लॅब?"

"हो तर!" मी छाती काढून म्हटलं.

ती म्हणाली, "माझी महिन्यातले पंधरा दिवस नाईट असते. सकाळी नऊला घरी येणार आणि चारपर्यंत झोपणार. नाही झोपले तर रात्री कुणाचं तरी सलाईन चुकेल. मुलगा मला पसंत आहे. स्लॅब नको."

तिच्या बापाला ठसका लागला. तिची आई म्हणाली, "अगं, काय बोलतेस!" पोरगी मात्र शांत. म्हणाली, "आमच्या डॉक्टरांचं खालापूरकडं मातीचं घर आहे. मागल्या वर्षी सत्यनारायणाच्या पूजेला गेलो होतो सगळा स्टाफ. जेवून भिंतीला टेकले आणि दोन तास झोपले. सगळे हसले मला. पण नाईट सुरू केल्यापासून दुपारी तशी झोप मला लागलेली नाही. ते घर कुणी बांधलं, शोधून काढा आणि त्यांच्याकडनं एक खोली बांधून घ्या. मी थांबेन."

अक्षय माझ्याकडं बघून दात काढत होता, गधडा.

"कुणी बांधलं काय?" मी घसा साफ केला. "भिंती मी बांधल्यात."

"मग प्रश्नच मिटला," ती म्हणाली.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. माझ्या वाट्याला दोन्ही एकदम आलं. पाव्हणे गेल्यावर मी बुधाजीच्या दारात गेलो. हर्षला ओटीवर नकाशा काढत बसली होती. आयुष्यात हजार वेळा मी घराचं काम घेतलं होतं, कुणाला दिलं कधी नव्हतं.

"हर्षू, मला एक खोली बांधून पायजे. मातीची. सुनेला झोपायला."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "थट्टा करू नका, काका."

"थट्टा करायला मला वेळ नाय. कधी येतेस जागा बघायला?"

ती चप्पल न घालताच माझ्या अंगणात आली.

गावानं मला सुखानं राहू दिलं नाही. दत्ता गवंड्याचं सिमेंट संपलं काय? दोन स्लॅबवाला कुडात जाणार! भावकीतला एक म्हातारा तर समजूत काढायला आला, काही बाहेरचं झालं असेल तर बघून घेऊ म्हणाला. खोली अंगणाच्या कडेला जमिनीवर ठरली, वरचा मजला रद्द झाला, आणि वरच्या सळ्या कापायला घेतल्या तेव्हा माझाही जीव कळवळला. त्यात बांबू दिवाळीनंतरच तोडायचा म्हणून लग्न चैत्रावर गेलं. लोक म्हणायचे, ब्राह्मणाचा मुहूर्त ऐकला होता, हा बांबूचा मुहूर्त नवीनच. मुलीचा बाप दोनदा फोन करून म्हणाला, गणपतीनंतर तोडला तर नाही का चालणार? मी फोनवर असा ओरडलो की त्यानं तिसऱ्यांदा केला नाही.

अवसेला धाकलूनं बांबू तोडून दिला. पौषात जोतं झालं. माती आठ दिवस मुरवली, भाताचं तूस घातलं, पायानं तुडवली. तट्टे उभे राहिले आणि लिंपायला आम्ही चार पुरुष लागलो. हर्षलाही हात कोपरापर्यंत भरून आमच्यात. चौथ्या दिवशी येसूबाई आली. स्वतःचं घमेलं घेऊन, पदर खोचून.

"बाजूला सरका, भावजी. तुमा पुरुषांना हात फिरवता येत नाय."

तिनं चिखलाचा गोळा घेतला, भिंतीवर मारला, आणि तळवा असा फिरवला की एका दमात वीतभर भिंत गुळगुळीत झाली. तीस वर्षं थापी धरली मी, पण तो हात मला नाही. दुपारपर्यंत अजून पाच बाया आल्या, कुणी बोलावलं नव्हतं. हर्षला बाजूला उभी राहून आईचा हात बघत होती.

"आये, तुला हे एवढं येतं, मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगण्यासारखं हाय काय ते?" येसूबाई भिंतीकडं बघतच म्हणाली. "लाज वाटायची गं. पोरगी मुंबईला, आणि आईला काय येतं, तर लिंपायला."

"मला शिकवशील?"

येसूबाईनं तिचा हात धरून भिंतीवर ठेवला. दोघी रडत होत्या आणि लिंपत होत्या. मी तिथनं उठलो आणि उगाच मातीवर पाणी मारत बसलो.

छपराचं आढं चढलं त्या दिवशी मी नारळ फोडला आणि मटणाचं जेवण घातलं. स्लॅब नाही तर जेवण कशाचं, असं म्हणणारे सगळ्यांत आधी येऊन बसले होते. पहिल्या पंगतीत पहिलं पान मी हर्षलासमोर मांडलं. कुणी भुगाबाई म्हणालं असतं तर थापी माझ्या हाताशीच होती, पण कुणी म्हणालं नाही.

चैत्रात लग्न झालं. आणि आता ही मागच्या आठवड्याची गोष्ट. मे महिना, बाहेर उभं राहवत नव्हतं. एका मोठ्या मासिकाची माणसं मुंबईहून गाडी घेऊन आली, हर्षलाबरोबर. दोन कॅमेरे, एक छत्री, एक बाई वही घेऊन. त्यांना खोलीचे आतून फोटो हवे होते. मी अंगणातच आडवा आलो.

"आत जायचं नाय."

वहीवाली बाई म्हणाली, "काका, पाचच मिनिटं. आम्ही फार लांबून आलोय."

"तुमी दिल्लीवरनं या. सून नाईट करून आलीय, झोपलीय. चार वाजता उठंल. तवर तिकडं पडवीत बसा, विमल सरबत देईल. आणि हळू बोला."

ती माणसं हर्षलाकडं बघायला लागली, की आता ही मला समजावेल. ही बंद दाराकडं बघत उभी राहिली. आत पंखा एकावर फिरत होता, त्याचा बारीक आवाज येत होता, बाकी काही नाही. बाहेर कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसलेला.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "आजपर्यंत मी कुणाला घर दाखवायला नेलं, की सगळी दारं सताड उघडी असायची. आज पहिल्यांदा माझ्या घराचं दार कुणी लावून घेतलंय."

एवढं म्हणाली आणि तिथंच जोत्याच्या दगडावर बसून हुंदके द्यायला लागली. चांगली चौतीस वर्षांची बाई, दिल्लीचं मानचिन्ह मिळवलेली. पण कुणीतरी शुद्धीवर राहायला पाहिजे की नाही?

"ए हर्षू," मी दबक्या आवाजात दरडावलं, "रडायचं तर पलीकडं जाऊन रड. सून उठंल."